मध्ये कुठे थांबा नाही

यंत्र कालपासून गप्प होतं. डॉक्टर आणि त्यांची बायको नकाशासमोर बसून होते. पडद्यावरची निळी रेघ त्यांच्या शहरातून निघून महासागराच्या मधोमध येऊन थांबली होती. पलीकडचं शहर अजून बरंच लांब होतं, आणि वाटेत वादळ होतं.

खालच्या मजल्यावरचा तिकीटवाला विचारपूस करायला वर आला. विमानाची तिकिटं काढून देणं हा त्याचा धंदा, जगातली अंतरं त्याला तोंडपाठ. इथून त्या शहरात एका दमात जाणारं एकही विमान नाही, मध्ये इंधनासाठी उतरावंच लागतं, असं तो सांगत होता. सांगता सांगता त्याची नजर रेघेवर गेली आणि त्याचा आवाज खाली आला.

"आणि ही कुठेच उतरणार नाही?"

"उतरणार कुठे?" डॉक्टर म्हणाले. "खाली नुसतं पाणी."

त्याचा चहा निवून गेला.

चिमी पोरकी होती. पायाला जबर लागलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला घरी आणलं. बायकोनं तिला हातानं भरवलं, आपल्या उशाशी निजवलं. पाय बरा झाला तशी चिमी अंगानं भरली आणि तिचं घरातलं लक्ष उडालं. निघायच्या आधी तर तिला नुसती खा-खा सुटली होती. ठावठिकाणा कळवणारं यंत्र डॉक्टरांनी स्वतः तिच्या पाठीवर बांधून दिलं.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. एवढीशी पोर, पहिलीच खेप, सोबतीला कोणी नाही. जावई आहात म्हणून बोलत नाही, पण अक्कल गहाण टाकलीत, असं त्यांनी फोनवर सुनावलं होतं. तेव्हा बायकोनंच आईची समजूत घातली होती, की जाणं तिच्या रक्तातच आहे, आपण अडवणारे कोण?

आता मात्र तिचा धीर सुटत चालला होता.

"हाड नीट जुळलं होतं ना?" तिनं विचारलं.

"जुळलं होतं."

"मग?"

पलीकडच्या शहरात डॉक्टरांची थोरली बहीण राहायची. चिमीची वाट बघत ती सकाळपासून उभी होती. अखेर तिचा फोन आला. एरवी ताईच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, पण आज ती झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तशी बोलत होती.

"आली रे. तू घातलेली लाल कडी पायात आहे, मी नीट पाहिली. माझ्यासमोर चिखलात उतरली, पंख मिटले, आणि दमणं-भागणं काही नाही, लगेच चोच खुपसून किडे शोधायला लागली."