भिंतीबाहेरची जागा

तिचं दोन दिवसांचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं, तेव्हा चर्चचे पाळक असलेल्या तिच्या वडिलांनीच ते दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायला लावलं होतं. "शास्त्रात तसं लिहिलंय," एवढंच ते म्हणाले. तिनं ते मानलं.

पुढे मात्र शिवणयंत्र बंद केलं की ती शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायची आणि ओळीखाली मोजपट्टी धरून शब्दन्‌शब्द वाचायची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचून झालं, अकरा वर्षं सरली, पण ते वचन काही हाती लागेना. शेवटी पुस्तक काखेत मारून तिनं माहेर गाठलं.

"पप्पा, मी पडले कपडे शिवणारी. माझ्याच नजरेतून सुटलं असणार. तेवढं कुठे आहे ते दाखवा ना."

वडिलांनी पुस्तकाला हातही लावला नाही.

"नाही सापडणार, पोरी. त्या दिवशी बाळाला न्यायच्या आधी मीही शोधलं होतं. तसं कुठेच लिहिलेलं नाही."



"मग तेव्हाच का नाही बोललात, पप्पा?"

"लोक येऊन थांबले होते गं. खड्डाही खणून झाला होता."