पोपडा

टप्. दुपारच्या निःशब्द खोलीत भिंतीवरच्या नव्या रंगाचा पोपडा गळून पडला आणि मागून तीच काळी बुरशी पुन्हा दात विचकून बाहेर आली.

भिंतीलगतच्या खाटेवर लेक खोकत होती. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, "सर्दीचा विषाणू साधाच आहे हो, चार दिवसांचा पाहुणा. पण त्या बुरशीशी झुंजून झुंजून पोरीची छाती थकलीय. आता कुणीही येतं आणि तिला लोळवून जातं. पुन्हा न्यूमोनिया झाला तर अवघड आहे."

आईने घरमालकाला फोन लावला.

"दोनदा रंग दिला ना, ताई? आता भिंतीला काय औषध पाजू?"

तिने फोन ठेवला आणि खलातला बत्ता उचलला.

पहिल्या घावाला गिलावा तडकला. दुसऱ्याला त्याचं ढेकूळ तिच्या पायावर आदळलं, अंगठ्याचं नख फुटलं. "माझ्या लेकीच्या जिवावर उठतेस?" दातओठ खात ती घाव घालत सुटली, जणू त्या भिंतीत कुणाचं नरडंच होतं. विटा उघड्या पडल्या तेव्हा कुठे तिचा हात थांबला.

"मारून टाकली बघ, बाळा," धापा टाकत ती वळली.

खोलीभर काळपट धूळ तरंगत होती. लेकीच्या पापण्यांवर, ओठांवर तिचाच थर बसला होता. खोकल्याची उबळ थांबत नव्हती. दोन उबळींच्या मधे श्वास ओढत लेकीने विचारलं,

"आई, ती मेली का गं, की पळून माझ्या छातीत आली?"