आप्पांची वाघूर

झरी गावातल्या घरामागं स्विमिंग टँक होता, त्याभोवतीच्या हिरव्या जाळीच्या उन्हानं चिंध्या झाल्या होत्या. मल्हार नव्या जाळीसाठी मिस्त्रीला फोन लावायला लागला, तसे त्याचे वडील दत्तराव आप्पा भडकले.

“चाळीस वर्षं मेंढरांभवती वाघुरीची जाळी लावली म्या. जाळीला मिस्त्री कशाला?”

दुपारपर्यंत नवी जाळी चारी बाजूंनी ताठ उभी राहिली. आत सुट्टीला आलेली पुण्याची पाच नातवंडं डुंबत होती.

मल्हारनं भोवती एक चक्कर मारली. “आप्पा, दार कुटंय?”

“वाघुरीला दार नसतंय. समदी आत आली का मोजायचं, मग गाठ मारायची.”

“अवो, चारला पुण्याची गाडी हाय त्यांची!”

आप्पांनी उरलेली सुतळी गुंडाळली.

“ठावं हाय. म्हणून तर तीनलाच गाठ मारली.”