बावन्न टेराबाइट

"ही नवी आहे?" उत्कर्षाने लॅपटॉपची, माहिती साठवायची एसएसडी काउंटरवर ठेवली. आपटली नाही. एवढ्या संतापातही तिने ती दोन बोटांनी कडेलाच धरली होती.

दुकानदार दत्तप्रसाद यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हळू विचारलंत तरी उत्तर तेच आहे. हो, नवी."

टिळक रोडवरच्या त्या अरुंद दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही बोलायची थांबली. उत्कर्षाला तेच हवं होतं. तिने मोबाइलवरचा फोटो सगळ्यांना दिसेल असा धरला.

"एसएसडी किती वापरली गेली, याची नोंद तिच्या आतच होत असते. आज सकाळी मी ही लॅपटॉपला बसवली आणि पहिल्यांदा तीच नोंद उघडली. वापराचे तास, दोनशे शहाऐंशी. लिहिलेली माहिती, बावन्न टेराबाइट. उरलेलं आयुष्य, एक्क्याण्णव टक्के. नव्या एसएसडीत पहिले दोन आकडे जवळपास शून्य असतात. तुम्ही कुणाची तरी वापरलेली वस्तू पुसूनबिसून मला विकलीत."

"इथे जुना बाजार भरत नाही, मॅडम. तो वेगळ्या दिवशी असतो, वेगळ्या जागी."

एक गिऱ्हाईक हसलं. उत्कर्षाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

हसण्यासारखं काही नव्हतं. ती एका भूजल प्रकल्पात काम करत होती. लोणी काळभोरच्या एकतीस विहिरींची पाणीपातळी ती दर आठवड्याला मोजायची. जूनमध्ये तिच्या लॅपटॉपची एसएसडी अचानक बंद पडली आणि चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. प्रत ठेवली नव्हती, ही तिची चूक. ती तिने लेखी मान्य केली होती. पण मार्चमधली पाणीपातळी जुलैत जाऊन मोजता येत नाही. प्रकल्पप्रमुख ओरडल्या नाहीत. "पुन्हा असं झालं, तर मला तुमचं कंत्राट वाढवता येणार नाही," एवढंच म्हणाल्या.

म्हणून या वेळी तिने तीन आठवडे घेतले होते. कोणती एसएसडी किती लिखाणानंतर थकते, वीज गेली तर काय होतं, कंपनी किती वर्षांची हमी देते, याचा तक्ता केला होता. "एवढं तर लोक स्थळ बघतानाही बघत नाहीत," असं शेजारच्या टेबलावरचा सौरभ म्हणाला होता. त्या तक्त्यातून एक टेराबाइटची ही एक एसएसडी उरली होती. आणि त्या एवढ्या निवडीवर या माणसाने पाणी फिरवलं होतं.

"खोक्याचं सील तुमच्यासमोर फोडलं की नाही?" दत्तप्रसादांनी विचारलं. "अनुक्रमांक तुम्हीच जुळवलात. भिंगातून. एकदा नाही, दोनदा."

"सीलसुद्धा विकत मिळतात."

"मिळत असतील. मी पस्तीस वर्षं दुकान चालवतोय, मला अजून पत्ता सापडलेला नाही."

"मी सकाळीच नेटवर सगळं लिहून टाकलंय. तुमच्या दुकानाच्या नावाखाली. फोटोसकट."

आता मात्र दत्तप्रसादांचा आवाज बदलला. "काय लिहिलंय?"

"खरं ते. वापरलेला माल नवा म्हणून विकतात."

त्यांनी चष्मा काढला. "मुलाने मागच्याच महिन्यात दुकान हातात घेतलंय," ते म्हणाले. "तो वाचेल आता हे." मग एसएसडीकडे बोट दाखवून विचारलं, "दुकानातून नेल्यापासून ही होती कुठे?"

"घरी, वारज्याला. माझ्या टेबलावर. मी त्याच दिवशी हैदराबादला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले, ती काल रात्री परत आले. तिला कुणी हातही लावलेला नाही."

तेवढ्यात श्यामसुंदर दारातून आत आले. उत्कर्षाचे वडील. स्कूटरला जागा मिळवण्यात त्यांची पंधरा मिनिटं गेली होती. लेकीने वाटेत फक्त "फसवलं मला" एवढंच सांगितलं होतं, आणि त्यांचा चेहरा तिच्याइतकाच तापला होता.

"बंद पडली का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"बंद नाही पडली, बाबा. वापरलेली दिलीय यांनी. बावन्न टेराबाइट लिहून झालेत तिच्यावर. दोनशे शहाऐंशी तास. म्हणजे कुणीतरी जवळजवळ बारा दिवस अखंड..."

"म्हणजे चालतेय ना?"

"चालतेय हो, पण..."

श्यामसुंदरांनी सुस्कारा सोडला. स्टूल ओढून ते बसले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. तिथे विभागाची सही असल्याशिवाय एकही पेटी फाटकाबाहेर जात नसे.

"मग यांच्यावर कशाला चिडतेस?" ते म्हणाले. "जूनमध्ये बंद पडली ती ज्याने न तपासता तुला दिली, त्या आधीच्या दुकानदाराला विचार."

"बाबा, हे नवं आणि जुनं..."

"बावन्न बरोबर आहे. मी मोजलेत." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर पसरला. दिवस, वेळ, फेरी आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची सही. "घरच्या कॉम्प्युटरला लावून काठोकाठ भरायची, पूर्ण वाचून पडताळायची, पुसायची, पुन्हा भरायची. एका फेरीला एक टेराबाइट, अशा बावन्न फेऱ्या. रात्रीसुद्धा बंद नाही केली. एकही अक्षर चुकलं नाही."

उत्कर्षाचा मोबाइलचा हात खाली आला.

"जूनमध्ये दोन दिवस जेवली नाहीस तू," श्यामसुंदर म्हणाले. "या वेळी न तपासता कशी देणार होतो तुझ्या हातात?"