आतल्या चपला

"बाबा, पाय."

सूनबाईने कबुतरांच्या ढाबळीच्या दारातच अडवलं, तसे सासरे कपाळाला आठ्या घालून थांबले. जंतुनाशकाच्या घमेल्यात त्यांनी पाय बुडवले आणि उंबऱ्याच्या आत ठेवलेल्या रबरी चपला सरकवल्या. "पाखरांना भेटायचंय की ऑपरेशनला जायचंय?" हे पुटपुटायला ते आजही विसरले नाहीत.

आतल्या चपलांचा एकच जोड होता, त्यांच्या मापाचा. त्यामुळे ते आत गेले की सूनबाई दाराबाहेर उभी राहायची.

गच्चीवरची ती ढाबळ सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी ठोकून उभी केली होती. साल्मोनेलाच्या साथीने तिची दैना केली. आधी एका नराचा पंख लोंबला, मग दुसरा मान वाकडी करून जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला, आणि पाठोपाठ एकेक पाखरू गेलं. पिल्लांना स्वतःच्या तोंडातून पाणी पाजायची सासऱ्यांना जन्माची खोड. तेही पोट धरून अंथरुणाला खिळले. तेव्हा सूनबाईने कंबर कसली. घरट्यांतलं गवत जाळलं, फळ्या खरवडून उकळत्या पाण्याने धुतल्या, उंदरांची बिळं बुजवली, जनावरांच्या डॉक्टरांचं औषध पाखरांना न चुकता पाण्यातून दिलं. नियमही तिनेच केले. तोंडाने पाणी पाजणं बंद. आणि ज्याचा हात रोगी पाखराला लागला, त्याने ढाबळीत पाऊल टाकायचं नाही.

आता घरट्यांत नवी पिल्लं होती. अंगावर पिवळी लव, आणि चोच एवढी मोठी की उसनी आणल्यासारखी. तपासणीत सगळी पाखरं स्वच्छ निघाली होती, एक मादी सोडून.

ती मास्तरीण. राखाडी रंगाची म्हातारी. उडताना सगळ्यांच्या पुढे, आणि बाकीची मुकाट तिच्या मागे, म्हणून मास्तरीण. दिसायला ठणठणीत, पण रोग तिच्या पोटात ठाण मांडून बसला होता. "हिला काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "ही बाकीच्यांना मारेल. वेगळी ठेवायची तर जन्मभर वेगळी." सासऱ्यांना ते सोसलं नाही. त्यांनी तिला परगावच्या एका मित्राकडे पोचवलं. त्याच्याकडे दुसरं एकही पाखरू नव्हतं.

"करमत असेल का गं तिला तिथे?" एका घरट्यात डोकावत त्यांनी विचारलं.

सूनबाई काही बोलणार, तेवढ्यात पत्र्यावर पंख वाजले. ढाबळीच्या बाहेरच्या फळीवर मास्तरीण उतरली होती. छाती धपापत होती, शेपटीचं एक पीस तुटलं होतं.

"आली!" सासरे ओरडले. "एवढ्या लांबून! या वयात! बघितलंस का?"

क्षणभर त्यांचा चेहरा अभिमानाने फुलून गेला. मित्राला दया आली असणार आणि त्याने पिंजरा उघडला असणार. ती परत येऊ नये म्हणून तिला पाठवलं होतं, आणि जन्मभर तिला शिकवलं होतं काय, तर परत यायला.

मास्तरणीने आत शिरायच्या झडपेच्या तारांना डोकं लावलं. बाहेरून ढकललं की त्या तारा आत उघडायच्या. आत तिचा नर घुमायला लागला. पिल्लांची घरटी झडपेच्या अगदी खाली होती.

"बाबा, झडप!"

सासऱ्यांनी झेप घेतली आणि उजवा तळहात तारांवर दाबून धरला. मास्तरणीने ढकललं. मग हात ओळखून तिने तारांमधून त्या तळहातावर हळूच चोच घासली.

"तुम्ही तसेच थांबा," सूनबाई बाहेरून पुढे झाली. "मी धरते तिला."

"हात लावू नकोस!"

एवढ्या मोठ्याने ते तिच्यावर कधीच ओरडले नव्हते. ती जागीच थांबली.

"तू धरलीस तर ढाबळ कोण बघणार?" त्यांनी आवाज खाली आणला. "माझे हे दुखरे गुडघे?"

"अहो, पण मग तुम्हाला इथे..."

"माझा हात लागलाय, सूनबाई. नियम तुझाच आहे."

"तो नियम तुमच्यासाठी नव्हता, बाबा."

"माझ्यासाठीच होता. या घरात दुसरं कोण एवढं हट्टी आहे?"

सूनबाईचे डोळे भरून आले, आणि ते भरून आल्याचा तिला रागही आला.

"जिन्याखालची खोली रिकामीच आहे," सासरे म्हणाले. "खिडकीला जाळी ठोकतो. खाटही तिथेच टाकतो माझी. जन्मभर एकटं कसं राहायचं तिने?"

डाव्या हाताने त्यांनी एक रुंद फळी ओढली आणि झडपेला टेकवून उभी केली. उजवा हात अंगापासून लांब धरला होता. घुमणाऱ्या नराकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं. कशालाच हात लावला नाही. दाराशी येऊन त्यांनी रबरी चपला पायानेच काढल्या, पायानेच उंबऱ्याच्या आत नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी बाहेर आले.

"मोठ्या होतील तुला," ते म्हणाले. "पण चालतील."

सूनबाईने घमेल्यात पाय बुडवले, त्या चपला घातल्या, आत जाऊन दार लावून घेतलं. ढाबळीला वळसा घालून जाणारी सासऱ्यांची पावलं तिला ऐकू आली. मग त्यांची शीळ आली, रोज दाणा टाकताना घालायचे तीच.

फळीपलीकडचं मास्तरणीचं खरवडणं थांबलं. पण शीळ आतही ऐकू आली होती. ढाबळीतली सगळी पाखरं एकदम उठली आणि झडपेकडे झेपावली. सूनबाईने दोन्ही हातांनी फळी दाबून धरली.