शिंकणारा रेजी

साउथहॅम्प्टनजवळच्या एका पार्कात ट्रेनर कुशलचा सी लायन (समुद्रसिंह), रेजी, भर शोमध्ये शिंकला. लोक खो खो हसले, म्हणून कुशलने त्याला मासा दिला. बघता बघता रेजी उठता-बसता शिंकायला लागला, पोस्टरवर शिंकतानाचा फोटो आला आणि बॉसने कुशलचं वर्क परमिट वाढवायचं कबूल केलं. “शिकवावं लागतं गं, आई,” असं कुशल पुण्याला फोनवर सांगायचा.

पार्कमधल्या प्राण्यांच्या डॉक्टरने, वरदाताईने, रेजीच्या नाकात टॉर्च मारला.

“कसलं शिकवलंस, गाढवा! किडे वळवळतायत नाकात. फुप्फुसापर्यंत पोचलेत आणि शिंकेतून दुसऱ्यांना लागतात. आजच इंजेक्शन देते, शिंका बंद होतील.”

“बंद?” कुशलचा चेहरा उतरला. “ताई, सोमवारी बँक हॉलिडेची सुट्टी आहे, तो गर्दीचा शो तेवढा होऊ दे ना.”

“अरे, श्वास पुरत नाहीये त्याला!”

पण बॉसनेही कुशलचीच री ओढली आणि इंजेक्शन लांबणीवर पडलं.

सोमवारी रेजी स्टेजवर चढला, सणसणीत शिंकला आणि आडवा झाला, तो उठलाच नाही. लोकांना वाटलं, मेल्याचं सोंग. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुशलने सवयीने मासा फेकला, तो रेजीच्या मिशांवर आपटून खाली पडला. आता आपलं काही खरं नाही, बॅग भरायची, या विचाराने कुशलला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात मागच्या टाकीत रेजीचं पिल्लू शिंकलं.

कुशलचा जीव भांड्यात पडला. “शतंजीव रे, बाळा!” म्हणत तो दुसरा मासा घेऊन तिकडे धावला.