मार्क टूची जाळी

"मार्क टू नथी साहेब, मार्क वन छे," भाड्याच्या गाड्यांचा मालक मगन म्हणाला. "पण गाडी एक नंबर."

सुधाकर मास्तरांनी खिशातलं पोस्टकार्ड पुन्हा बाहेर काढलं. व्याह्यांनी जळगावहून स्पष्ट लिहिलं होतं: नवरदेवाला सुरत स्टेशनवरून कार्यालयात न्यायला अँबॅसडरच हवी, तीही मार्क टू, नसल्यास वऱ्हाड निघणार नाही. दर आठवड्याला एक कार्ड येई आणि दर कार्डात एक मागणी वाढे. ही चिकाटी मुलाच्या अभ्यासाकडे लावली असती, तर तो मॅट्रिकला तीनदा बसला नसता.

सकाळपासूनचं हे तिसरं गॅरेज. पहिल्याकडे नुसत्या फियाट. दुसऱ्याकडे मार्क टू होती, पण लग्नसराईत महिनाभर गुंतलेली. जन्मभर मुलांना व्याकरण शिकवलेले मास्तर आता मोटारी ओळखायला शिकले होते. मार्क वनच्या तोंडाशी आडव्या पट्ट्यांची जाळी, मार्क टूला बारीक चौकडीची.

"एम करिये," मगन म्हणाला. "जाळी बदली आपुं. मार्क टूची एक पडलीय आत, ती हिला लावू. वऱ्हाडाला काय कळतंय? तुम्ही बसून तर बघा."

मास्तर मागच्या सीटवर बसले. मगनने दार लावलं. "आतलं हँडल तुटलंय, बेन. बहारथी खोलजो," असं मास्तरांसोबत आलेल्या शैलजाला सांगून तो जाळी आणायला गेला.

"सीट बरी आहे," मास्तर म्हणाले. काच चार बोटं उतरून अडकली होती. "उघड आता."

शैलजाने हँडलवर हात ठेवला, पण ते फिरवलं नाही. दहा दिवसांवर लग्न आलेली ही त्यांची मुलगी एकच वाक्य बोलायला सकाळपासून त्यांच्याबरोबर उन्हात फिरत होती. घरी आईने तोंड उघडू दिलं नसतं आणि रस्त्यात मास्तर भराभरा पुढे चालत होते.

"अण्णा, मला त्या घरात जायचं नाही."

"दार उघड, शैला."

"इतकी कार्डं आली. एकात तरी माझ्याबद्दल काही विचारलंय का त्यांनी?"

मास्तरांनी पलीकडच्या दाराकडे पाहिलं. ते भिंतीला टेकलेलं होतं. घामाने हातातलं कार्ड मऊ झालं होतं. सगळी कार्डं त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे उत्तर शोधावं लागलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पत्रिका गेल्यात गं," ते शेवटी म्हणाले. "आता मोडलं तर लोक तुलाच नावं ठेवतील. मला भीती वाटते."

शैलजाने हँडल फिरवलं. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली.

मगन जाळी पुसत आला. "फिट करी दऊं, साहेब?"

दार सताड उघडं होतं. मास्तर आतच बसून राहिले.